ध्येय धरून धंदा करायचाय? मग आधी एका लिटरचा हिशेब मांडा

गेल्या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच आहे. ताई, नोकरी सोडून काहीतरी चांगलं करायचंय, गावासाठी, शेतकऱ्यासाठी, पण पोट पण भरलं पाहिजे, मग सुरुवात कुठून करू? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

आमचा लाकडी घाणा आहे, सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा तालुक्यात, आणि आम्ही मुख्यतः करडईचं तेल काढतो. म्हणून उदाहरणं सगळी घाण्याचीच येतील, पण तुम्ही पापड करा, गोधड्या शिवा, शिकवणी चालवा नाहीतर जुन्या सायकली दुरुस्त करून विका, पायऱ्या त्याच राहतात. आणि एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: तुमचं ध्येय भाषणात किंवा बोर्डावर असून भागत नाही, ते तुमच्या वहीत एखादा आकडा होऊन दिसलं पाहिजे, आणि तो आकडा पेलवेल एवढा नफा धंद्यात पाहिजे, नाहीतर तिसऱ्या वर्षी ध्येय पण जातं आणि धंदा पण.

आधी ध्येयाचं वाक्य लिहा, आणि त्यात आकडा घाला

माझं पहिलं वाक्य होतं, लोकांना शुद्ध तेल द्यायचं. ऐकायला छान आहे. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एवढंच विचारलं की बाळ, करडई कुणाची घेणार? मी म्हटलं मिळेल तिथनं, मार्केट यार्डातनं. ते म्हणाले मग आपल्या गावाचं काय झालं यात? मला उत्तरच देता येईना.

आमच्याकडे पूर्वी ज्वारीच्या रानात करडईच्या ओळी असायच्याच. काळी जमीन, मालदांडी ज्वारी, आणि रानाच्या कडेने करडई, काट्यामुळे जनावर आत शिरायचं नाही आणि वर्षाचं घरचं तेल निघायचं. मुळं खोल जातात म्हणून पाऊस दगा देऊन गेला तरी ओलीवर पीक येतं. सोलापूरला तर करडईचं संशोधन केंद्र आहे, भीमा, फुले कुसुमा असले वाण सगळ्यांना माहीत आहेत. तरी शिवारातली करडई कमी कमी होत गेली. आणि एकीकडे आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. हे सगळं डोळ्यापुढे असताना 'शुद्ध तेल' हे वाक्य फारच मोघम होतं, ते कुणीही कुठेही बसून म्हणू शकतं.

मग असं लिहिलं: आपल्या तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची करडई, हमीभावापेक्षा वरच्या दराने, मापात कडता, म्हणजे वजनातली कपात, न धरता घ्यायची, आणि त्याच करडईचं तेल विकून घर चालवायचं. खाली आकडा लिहिला, ६२ एकर. हा आकडा कुठून आला ते पुढे हिशेबात सांगते.

वाक्य बरोबर जमलंय का हे बघायची एकच खूण मला माहितीये, ती म्हणजे त्या वाक्यामुळे तुम्हाला कशाला तरी नाही म्हणावं लागतं का. नुसतं 'शुद्ध तेल' असतं तर मी बाहेरून टँकर मागवून बाटल्या भरल्या असत्या तरी चाललं असतं. नव्या वाक्यामुळे ते आपोआप बंद झालं.

मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय घ्या. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी १९७६ साली सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ११ खाटांवर ते सुरू केलं. हेतू सगळ्या जगाचं आरोग्य असा नव्हता, टाळता येणारं अंधत्व, आणि त्यातही मुख्य म्हणजे मोतीबिंदू. इतका नेमका हेतू असला की काय करायचं ते आपोआप ठरत जातं: पैसे देऊ शकणाऱ्यांच्या ऑपरेशनवर ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांचं ऑपरेशन निघतं, आणि बाहेरून येणारी डोळ्यातली लेन्स परवडेना म्हणून १९९२ साली ऑरोलॅब काढून लेन्स इथेच बनवायला घेतल्या. हेतू मोघम असता तर लेन्सचा कारखाना काढायचं कुणाला सुचलं असतं?

ज्याच्यासाठी करताय त्याच्या ओट्यावर जाऊन बसा

मला वाटायचं शेतकऱ्याला दर हवाय. दर तर हवाच असतो, पण आम्ही गावोगाव फिरलो, ओट्यावर बसून चहा घेतला, आणि करडई का सोडली एवढंच विचारलं तेव्हा भलतंच ऐकायला मिळालं. काट्यामुळे काढणीला माणूस मिळत नाही हे पहिलं. दुसरं म्हणजे एका-दोघांचीच करडई असली की व्यापारी म्हणेल तो दर, कारण दोन पोती घेऊन सोलापूर गाठायला परवडत नाही. आणि तिसरी गोष्ट, जी बोलताना लोकांचा आवाज चढायचा, ती म्हणजे कडता. पोत्यामागे एवढा किलो ओलीचा, एवढा कचऱ्याचा, असं करत करत मापातच माल जातो. एक आजोबा मला म्हणाले, पोरी, दर कमी दे पण वजनकाटा माझ्यासमोर लाव.

तिथंच आमचं वाक्य बदललं बघा. 'मापात कडता न धरता' हे शब्द त्या ओट्यावरून आलेत, मी घरी बसून हजार वर्षं विचार केला असता तरी मला सुचले नसते. काढणीतल्या काट्यांची अडचण पण तिथंच सुटली, कारण बिनकाट्याच्या वाणांचं बी मिळतं हे बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं, आणि शेजारी शेजारी क्षेत्र असलं तर मळणीचं मशीन एकाच दिवशी आणता येतं.

गिऱ्हाईकाच्या बाबतीत उलटी काळजी घ्या. त्यांना 'असं तेल काढलं तर घ्याल का' असं कधीच विचारू नका. ओळखीतली माणसं हो हो नक्की म्हणतात, आणि त्यांचं मन खरंच मोठं असतं, पण त्या होकारावर मशीन घेऊ नका. विचारायचं ते हे: सध्या कुठलं तेल आहे घरात, महिन्याला किती लागतं, किती रुपये जातात, मागच्या वेळी तेल बदललं ते कधी आणि का. मी तीसेक घरी विचारलं. त्यातल्या नऊ घरात आधीच घाण्याचं शेंगदाणा तेल येत होतं, म्हणजे जास्त पैसे मोजायची सवय होती. माझं खरं गिऱ्हाईक ती नऊ घरं होती, बाकीच्या एकवीस घरांचं फक्त कौतुक होतं.

आता हिशेब, आणि इथे घाई करू नका

म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. चेतना सिन्हा आणि गावातल्या बायांनी बँकेसाठी अर्ज केला तेव्हा तो पहिल्यांदा नामंजूर झाला, कारण बऱ्याच जणींचे अंगठे होते. त्या बाया लिहायला वाचायला शिकल्या, परत गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी येतो, विचारून बघा असं रिझर्व्ह बँकेच्या साहेबांना म्हणाल्या. १९९७ साली बँक उभी राहिली. मला ही गोष्ट फार आवडते. हेतू खराच होता, पण साहेबापुढे उपयोगी पडला तो हिशेब.

तर आमचा हिशेब, जसाच्या तसा. तुमच्याकडे आकडे वेगळे येतील, मांडायची पद्धत बघा.

२०२५-२६ च्या हंगामात एक क्विंटल करडई आम्ही ६,५०० रुपयांनी घेतली. त्या हंगामाचा हमीभाव ५,९४० होता, म्हणजे ५६० वर. हमाली, बारदान, वाहतूक धरून ६,७५०. चाळून वाळवून घाण्यात घातली की आमच्या घाण्यावर साधारण २७ किलो तेल पडतं, म्हणजे २९ लिटर. करडईचं टरफल जाड असतं, शेंगदाण्याएवढा उतारा येत नाही, हे नवीन माणसाला माहीत नसतं आणि तिथंच फसगत होते. मागे ६६ किलोच्या आसपास पेंड राहते, ती जनावराला जाते, २२ रुपये किलोने १,४५० येतात. पेंडेचे पैसे वजा केले की ५,३०० उरले, भागिले २९, म्हणजे लिटरला कच्चा माल १८३ रुपये.

बऱ्याच जणांचा हिशेब इथेच संपतो! १८३ ला पडलं, ३०० ला विकलं, ११७ सुटले. असं नसतं हो. बाटली, झाकण, लेबल, खोका मिळून २२ रुपये. एक क्विंटल काढायला सात तास घाणा चालतो, माणसाची मजुरी आणि वीज मिळून ७८० रुपये, लिटरला २७. जागेचं भाडं, मशीनचा हप्ता, लायसन्स, फोन, गाडीचं पेट्रोल असा महिन्याचा ठरलेला खर्च २४,००० आहे आणि महिन्याला ६०० लिटर निघतं, म्हणजे लिटरमागे ४०. गळती, फुटलेली बाटली, परत आलेला माल यासाठी ५. आणि शेवटी माझा पगार, २५,०००, लिटरला ४२. सगळं मिळून ३१९.

पगार धरायचाच. घरच्या माणसाचे कष्ट फुकट धरून जो धंदा नफ्यात दिसतो तो धंदा नाही, ते घरच्यांकडून घेतलेलं कर्ज आहे, आणि बहुतेक वेळा ते घरातल्या बाईकडून घेतलेलं असतं.

आम्ही ३६० ला विकतो. लिटरला ४१ रुपये राहतात, महिन्याला ६०० लिटरचे २४,६००. हा आमचा नफा, आणि याच पैशातून पुढच्या वर्षी जास्त करडई घेता येते. आता तुम्हाला कळेल की ६२ एकर कुठून आले. एक घाणा, एक पाळी, महिन्याला २१ दिवस, म्हणजे वर्षाला अडीचशे क्विंटलच्या आसपास करडई. आमच्याकडे कोरडवाहूला एकरी चार क्विंटल धरा. झाले ६२ एकर. म्हणजे धंदा नीट चालला तर ६२ एकरावर करडई परत येते, आणि धंदा निम्माच चालला तर ३१ एकर. नफा आणि ध्येय एकाच दोरीला बांधलेले आहेत, एक ओढलं की दुसरं येतं. तुमच्या धंद्यात अशी दोरी सापडत नसेल, म्हणजे विक्री वाढूनही ध्येयाचा आकडा हलतच नसेल, तर थांबा आणि परत पहिल्या पायरीवर जा.

याच हिशेबातून अजून एक गोष्ट दिसते. दुकानदार २० टक्के मार्जिन मागतो. ३६० चे ७२ गेले, माझ्या हातात २८८ आले, आणि मला तर ३१९ ला पडलंय. म्हणजे दुकानात गेलेल्या प्रत्येक लिटरवर ३१ रुपये खिशातून. दुकानदाराचं चूक नाही, त्याला जागा, कामगार, उधारी सगळं आहे. पण माझा माल दुकानातून विकायचा नाही हे मशीन घ्यायच्या आधी वहीने सांगितलं, नाहीतर वर्षभर आम्ही तोट्यात दुकानं भरत बसलो असतो आणि विक्री वाढतेय म्हणून खूश पण झालो असतो.

मशीन घ्यायच्या आधी दुसऱ्याच्या घाण्यावर काढून बघा

पहिल्या वर्षी आमच्याकडे घाणा नव्हताच. गावातल्या ओळखीच्याकडून दोन क्विंटल करडई घेतली, शेजारच्या तालुक्यात एकाचा घाणा होता तिथे मजुरीने काढून आणली, ५८ लिटर तेल पडलं. ते त्या नऊ घरांत आणि त्यांच्या ओळखीपाळखीत विकलं, पूर्ण किमतीला. ओळखीत सुद्धा कमी किमतीला देऊ नका हां, कारण तुम्हाला तेल विकायचं नाहीये, ३६० देऊन कोण घेतं ते शोधायचंय.

आणि पहिल्या विक्रीने हुरळून जायचं नाही. पहिली बाटली माणूस तुमच्यावरच्या प्रेमाने घेतो, दुसरी तेलावरच्या प्रेमाने. आम्ही दीड महिना वाट बघितली आणि किती जणांनी स्वतःहून परत फोन केला ते मोजलं. ३४ पैकी १९ जणांनी. मग कर्जाच्या फायलीला हात लावला.

घाणा आल्यावर पण तो रोज स्वतःच्या मालावर चालेल असं नाही. मधल्या दिवसांत लोकांचे शेंगदाणे, करडई, जवस मजुरीने काढून द्या. पैसे रोख मिळतात, हप्ता निघतो, आणि तेल काढून न्यायला आलेला शेतकरी पुढच्या वर्षी करडई देणारा शेतकरी होतो.

कागदपत्रं

यात फार अडकू नका पण टाळू पण नका. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, ऑनलाइन होतं, फुकट आहे, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. खायचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स लागतंच, यातलं कुठलं ते तुमच्या उत्पादनावर आणि उलाढालीवर ठरतं. खाद्यतेल सुटं विकायला कायद्याने मनाई आहे, सरकारने खास सूट दिली असेल तेवढं सोडून, त्यामुळे घरून बरणी आणा आणि भरून न्या असलं सुरू करू नका. पॅक केलं की वैधमापन, म्हणजे वजनमापं खात्याची नोंदणी आली, आणि लेबलवर निव्वळ माप, एमआरपी, तारीख, बॅच, पत्ता, तक्रारीसाठी नंबर सगळं आलं. जीएसटी आपल्या राज्यात फक्त मालाची विक्री असेल तर वर्षाला ४० लाखांच्या पुढे लागतो, पण एकदा सीएला विचारून घ्या.

सबसिडीचं म्हणाल तर छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० मध्ये आली, त्यात प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अशी मदत बँक कर्जाला जोडून मिळते. तुम्ही अर्ज कराल तेव्हा चालू आहे का ते कृषी विभागाच्या ऑफिसात विचारा. पण माझं ठाम मत आहे की हिशेब सबसिडी न धरता मांडावा. सबसिडीशिवाय जो धंदा उभा राहत नाही तो सबसिडी आल्यावर पण फार दिवस उभा राहत नाही.

मालात खोट असेल तर ध्येय कुणी ऐकत नाही

हे मी स्वतः शिकले ते जुळे सोलापुरातल्या एका काकूंच्या स्वयंपाकघरात. काकूंचा फोन आला, तुझं तेल फेसाळतंय. मी फोनवरच सांगत बसले की काकू घाण्याचं तेल आहे, रिफाइंड नाही, थोडा फेस येतोच. त्या म्हणाल्या थोडा नाही गं, तू ये आणि बघ. गेले. दसरा तोंडावर, ओट्यावर पुऱ्या लाटून ठेवलेल्या, काकूंनी कढईत माझ्याच बाटलीतलं तेल ओतलं, तापलं, एक पुरी सोडली आणि फेस असा उसळला की पुरी दिसेनाशी झाली, कढईच्या काठावरून गॅसवर ओघळला, ज्योत विझली. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी कढई उतरवली, ओटा पुसला, आणि कपाटातली जुनी पिशवी काढून दुसऱ्या तेलात पुऱ्या तळायला घेतल्या. मी तिथंच उभी होते.

घरी येऊन बॅच नंबर बघितला. सणाची ऑर्डर म्हणून तेल काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाटल्या भरल्या होत्या. घाणा चालताना पेंड धरावी म्हणून पाण्याचा हबका मारतात, ते पाणी आणि बारीक गाळ तेलात तसाच राहिला होता. त्या बॅचच्या ४१ बाटल्या विकल्या गेल्या होत्या, सगळ्यांना फोन केला, बाटल्या परत आणल्या, पैसे दिले. त्या महिन्याचा निम्मा नफा गेला. त्या ४१ मधले ३६ जण आजही आमच्याकडून तेल घेतात, काकू सुद्धा.

तेव्हापासून नियम असा आहे की करडई घाण्यात घालायच्या आधी एक दिवस उन्हात, दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे, दबला तर परत उन्हात. पाण्याचा हबका अगदी बेताचा. तेल स्टीलच्या टाकीत चार दिवस निवळायचं, वरचं वरचं काढून फडक्यातून गाळायचं, आणि प्रत्येक बॅचमधली एक पुरी आमच्या घरी आधी तळायची. चार दिवसांच्या आत बाटली भरायची नाही, मग दिवाळी असो की कुणाचं लग्न असो. तुमच्या धंद्यात पण असा एक नियम काढा आणि भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे घाईच्या दिवशी वाद होत नाहीत.

विकताना

आधी माल, मग गोष्ट. मी पहिल्या वर्षी उलटं करायचे, शेतकरी, कोरडवाहू, हमीभाव सगळं सांगून झाल्यावर बाटली काढायचे, लोक ऐकून हळहळायचे आणि निघून जायचे. आता प्रदर्शनात गरम भाकरी, त्यावर तेल, थोडं मीठ आणि चटणी, एवढंच पुढे करतो. चव आवडली की माणूस स्वतःच विचारतो, कुठली करडई? मग सांगायचं, कुठल्या गावची, किती दराने घेतली. बाटलीवर गावाचं नाव आणि आम्ही दिलेला दर दोन्ही छापतो. दर छापायला आधी भीती वाटली होती, गिऱ्हाईक म्हणेल ६५ रुपये किलोचा माल आणि तेल ३६० ला? एकदोघांनी विचारलंच, तर मी त्यांना वरचा सगळा हिशेब सांगितला, त्यातला एक जण आता सोसायटीतल्या १४ घरांची ऑर्डर एकत्र घेतो.

औषधी दावे करू नका. कोलेस्टेरॉल गेलं, गुडघे थांबले, शुगर उतरली, असलं काही लेबलवर किंवा स्टेटसला टाकायचं नाही, कायद्यातही बसत नाही आणि ते खोटं पण आहे. उलट तेलाची मर्यादा आपण होऊन सांगा. आम्ही सांगतो की हे तेल फोडणीला, भाजीला, वरून घ्यायला उत्तम, पण एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. असं सांगितल्याने विक्री कमी होत नाही, भरवसा वाढतो.

आम्ही सोलापुरात चार आणि पुण्यात तीन घरं ठरवलीत, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे तेल पोचतं, लोक येऊन नेतात, त्या घराला महिन्याचं तेल आमच्याकडून. कुरिअरच्या नादी लागलो तेव्हा बाटल्या फुटून पैसे जात होते.

पैसा अडकतो तो इथे

हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, सगळी एकदम. तेल मात्र वर्षभर विकायचं असतं. अडीचशे क्विंटल गुणिले ६,५००, सव्वासोळा लाख रुपये मार्चमध्येच लागतात! वहीत नफा आहे आणि गल्ल्यात पैसे नाहीत अशी वेळ हमखास येते आणि चांगले चांगले धंदे नफ्यात असताना बंद पडतात ते याच्यामुळे.

आम्ही तीन गोष्टी करतो. घाणा आल्यावर पहिल्या वर्षी ४० क्विंटलच घेतली, पुढच्या वर्षी ९०, हळूहळू. दुसरं, गिऱ्हाइकांकडून एप्रिलमध्ये वर्षाची बुकिंग घेतो, निम्मे पैसे आधी, दर वर्षभर तोच, बाजारात तेल भडकलं तरी. तिसरं, ज्या शेतकऱ्याला लगेच पैशाची नड नाही तो माल बाजार समितीच्या गोदामात ठेवतो, शेतमाल तारण योजनेत किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल ६ टक्के व्याजाने मिळते, आणि आम्ही पावसाळ्यात तो माल उचलतो. शेतकऱ्याची उधारी मात्र ठेवायची नाही. गिऱ्हाइकाला एक वेळ थांबा म्हणता येतं, शेतकऱ्याला नाही, कारण आपलं वाक्यच त्याच्यासाठी आहे.

ध्येय घसरतं ते मोठ्या ऑर्डरच्या दिवशी

दुसऱ्या वर्षी एक पार्टी आली, महिन्याला ५०० लिटर उचलतो म्हणाली, २५० रुपयांनी द्या. परवडत नाही म्हटल्यावर हसून सांगितलं की अहो थोडं रिफाइंड मारा, वासाला कळत नाही. हे सरळ होतं, नाही म्हणायला वेळ लागला नाही. अवघड असतं ते मधलं. यार्डातून स्वस्त करडई आणून फक्त त्या ऑर्डरपुरतं काढू, तेल तर शुद्धच आहे ना? घरात तीन दिवस चर्चा चालली. शेवटी मामांनी वही उघडून ध्येयाचं वाक्य वाचून दाखवलं, आणि म्हणाले, यातला कुठला शब्द खोडायचा ते सांगा.

लिज्जत पापडच्या सुरुवातीच्या काळातलं एक उदाहरण मी त्या दिवशी घरात सांगितलं. १५ मार्च १९५९, गिरगावात सात बायका, ८० रुपये उसने. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक स्वस्त. समाजसेवक छगनबाप्पा पारेखांनी सल्ला दिला की एकच प्रत ठेवा, चांगली, आणि दर्जाशी तडजोड करू नका. आणि तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. बायकांना हातचं काम मिळावं हा हेतू, पण उभं राहायचं ते पापडाच्या विक्रीवरच. हे दोन्ही निर्णय पैशाचेच होते बघा, आणि हेतू टिकला तो त्यांच्यामुळे.

म्हणून महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही चौघं, मी, हे, मामा आणि आत्या, वही घेऊन बसतो आणि चारच गोष्टी बघतो: लिटरमागे काय राहिलं, किती जुन्या गिऱ्हाइकांनी परत घेतलं, किती शेतकऱ्यांचे पैसे बाकी आहेत, तो आकडा शून्यच पाहिजे, आणि किती एकर झाले. दुसरा घाणा घ्यायचा विचार पहिला घाणा सलग सहा महिने पूर्ण पाळी चालल्याशिवाय करायचा नाही असं पण ठरवलंय.

तुम्ही सुरू करणार असाल तर या आठवड्यात फक्त दोन कामं करा, वाक्य लिहा आणि एका नगाचा हिशेब मांडा, स्वतःच्या पगारासकट. बाकीचं त्यानंतर. आमच्याकडे सप्टेंबरच्या शेवटी करडईची पेरणी सुरू होते, त्याआधी गावोगाव बैठका चालू आहेत, बिनकाट्याचं बी आलंय, यंदाची यादी ४३ एकरावर आलीय. अजून १९ एकर हवेत, उद्या सकाळी मामा आणि मी पुढच्या गावात जातोय.